मघाडेबाबूंची चिनीण

उत्तमराव मघाडे रोज संध्याकाळी स्कूटरला फिरायला नेत. स्कूटरवर बसून नव्हे. स्कूटर बंद होती आणि मी पाहत आलो तेव्हापासून बंदच होती. ते तिला हाताने ढकलत नेत, एखाद्याने गाय पाण्यावर न्यावी तसे.

ढकलण्याचा थाट मात्र चालवण्याचा. डोळ्यांवर काळा गॉगल, पँटच्या पायांना सायकलवाल्यांचे चिमटे, शर्टाची वरची गुंडी लावलेली. वेग बैलगाडीहून कमी. तरीही कोपरा आला की मघाडेबाबू थांबत, मागे पाहत, हात बाहेर काढून वळण्याचा इशारा देत आणि मगच वळत. एकदा मागून येणाऱ्या गाडीवानाने बैल आवरून विचारलं, "बाबू, वळून राह्यले का हात वाळू घालून राह्यले?"

"इशारा देल्याबिगर वळनं गुन्हा हाय," मघाडेबाबू म्हणाले.

"पन गाडी तर बंद हाय!"

"गाडी लेट हाय. रद्द न्हाई."

हे त्यांचं पालुपद होतं. ते जालना स्टेशनच्या मालधक्क्यावर बाबू होते. आलेली पोती, गाठी आणि पेट्या उतरवून घ्यायच्या आणि ज्याच्या त्याच्या हवाली करायच्या, हे त्यांचं काम. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी एक तर वेळेवर असत, नाहीतर लेट. त्यांची बढती लेट होती. हॉटेलातला चहा लेट असे. बहात्तरच्या दुष्काळात लोक आभाळाकडे पाहून हातपाय गाळत होते, तेव्हाही ते पावसाला लेटच म्हणत राहिले. रद्द हा शब्द त्यांनी कुठल्याही गोष्टीला लावलेला मी ऐकला नाही.

मी त्या वर्षांत एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून जालन्यात होतो. माझी खोली नवीन जालन्यात स्टेशनाजवळ होती आणि खिडकीसमोर रेल्वेची क्वार्टर्स. जालन्यात बातमी नसलेले दिवस पुष्कळ असत. त्या दिवशी मी खिडकीत बसे आणि समोर मघाडेबाबू असत.

त्यांच्याबद्दलच्या दोन गोष्टी मला पहिल्यापासून विचित्र वाटत. बंद स्कूटर ढकलणारा माणूस सहसा तिच्या डाव्या बाजूने चालतो. मघाडेबाबू उजव्या बाजूने चालत. विचारलं तर म्हणत, "सवय." आणि दुसरी गोष्ट अशी की, इंजिन मेलेलं, दिवा फुटलेला, हॉर्नच्या जागी नुसतं भोक, अशा अवस्थेतल्या त्या स्कूटरची मागची सीट मात्र नवीकोरी होती. जाड कापूस भरलेली, वर गोधडीसारखी टाके घातलेली. डाव्या अंगाला पाय ठेवायला एक रुंद लोखंडी पट्टीही होती. जुन्या जालन्यातले खलील मिस्त्री मला एकदा म्हणाले, "इंजिन का नाम नहीं लिया बाबूजी ने. पहले बोले, पीछे की पट्टी बनाव. मैं बोला, चलतीच नहीं तो बैठेंगा कौन? बोले, तुम बनाव मियाँ."

खलील मिस्त्रींचा धंदा शेतकऱ्यांच्या विहिरीवरची पंपाची इंजिनं दुरुस्त करण्याचा. या स्कूटरशी त्यांचा संबंध आला तो लिलावात. कधी काळी सिकंदराबादेकडून कुणाच्या तरी नावाने ती पार्सलने आली होती. नेणारा आलाच नाही. मालधक्क्याच्या कोपऱ्यात ती बरीच वर्षं धूळ खात उभी राहिली आणि शेवटी लिलावात निघाली. ते दिवस असे होते की, नव्या स्कूटरसाठी नंबर लावलेला माणूस नंबर लागेपर्यंत पेन्शनीत जाई. त्यामुळे बोली चढायला हवी होती. पण इंजिनावर एक पितळी पट्टी होती आणि त्या पट्टीवर कुणालाच वाचता न येणारी अक्षरं होती. कोणीतरी म्हणालं, ही चीनची अक्षरं. झालं. चीनशी झालेली लढाई लोक अजून विसरले नव्हते. कापडाचे एक व्यापारी बोलायला पुढे आले होते, ते मागे सरले. "घेतली तर उद्या पोलीस इच्यारतील, मालक कुठाय? मंग काय, पेकिंगला जाऊ का बोलवायला?"

रेल्वेच्या नोकराला रेल्वेच्या लिलावात बोली लावता येत नाही. मघाडेबाबूंनी खलील मिस्त्रींना पुढे केलं. मिस्त्रींनी ती भंगार म्हणून घेतली आणि मघाडेबाबूंनी त्यांच्याकडून स्कूटर म्हणून घेतली.

मघाडेबाबूंच्या पत्नी प्रयागबाई यांनी तिचं स्वागत दारातच केलं. "ही चिनीण कोन आनली घरात?" हे नाव टिकलं. प्रयागबाई दुष्काळाच्या साली पाण्याच्या रांगेत घसरून पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं, बसलं, पण वाकडं बसलं. तेव्हापासून त्या काठी घेऊन स्वयंपाकघर ते ओटा एवढंच चालत. जीभ मात्र पूर्वीइतकीच चालत होती. ओट्यावर बसून त्या शेजारणींना सांगत, "चिनीण आली तवापसून ह्यान्ला माह्या हातची भाजी अळनी लागून राह्यली. तिला रोज पुसायचं, तिला फिरायला न्यायचं. मला कवा पुसलं का?" शेजारणी हसत. मघाडेबाबू खाली मान घालून स्कूटरचं मडगार्ड घासत राहत. "मी तर बोट लावत न्हाई तिला," प्रयागबाई वर सांगत. "बिलकुल न्हाई."

संध्याकाळी मघाडेबाबू स्कूटर घेऊन बाहेर पडले की त्या आत जाऊन दार लावून घेत. घरात बुद्धाची तसबीर होती. त्या वंदना करत असतील म्हणून त्या वेळी शेजारणी कडी वाजवत नसत.

त्या पितळी पट्टीवर काय लिहिलंय, हा वस्तीतला मोठा प्रश्न होता. कोणी म्हणे कारखान्याचं नाव, कोणी म्हणे चिनी सरकारची सूचना. पहिल्याच दसऱ्याला शेजारच्या दोन बायकांनी, असेल कुठल्यातरी देवाचं नाव, म्हणून पट्टीला हळदकुंकू लावलं. शेवटी मघाडेबाबूंनी पट्टीवर कागद ठेवून पेन्सिलीने अक्षरं उमटवून घेतली आणि रजा टाकून ते औरंगाबादला गेले. तिथे एक चिनी दंतवैद्य होते. जन्म कलकत्त्याचा, बोलणं हैदराबादी. तिथे गर्दी होती. दात दाखवायला आलेल्यांनाच आत सोडत होते. मघाडेबाबू रांगेत बसले, नंबर आल्यावर खुर्चीत बसले आणि त्यांनी कागद काढायच्या आत वैद्यांनी त्यांचं तोंड उघडलं. वैद्यांना आत एक किडलेला दात दिसला. तो त्यांनी काढला. मग कागद पाहिला.

"मेरे बाप के मुल्क की है," ते म्हणाले. "लिखा है, गरम है, हाथ मत लगाना."

मघाडेबाबू गालाला रुमाल लावून परतले. स्टेशनवर मी भेटलो. ते म्हणाले, "पेपरवाले, एक दात गेला. पन मजकूर कळला."

मजकूर ऐकून वस्तीची निराशा झाली. प्रयागबाई तेवढ्या खूश होत्या. "बघा, मी म्हनत व्हते का न्हाई, बोट लावत न्हाई म्हनून!"

इतकं सगळं होऊनही इंजिन हललं नव्हतं. मघाडेबाबूंना घाईही दिसत नव्हती. रविवारी खलील मिस्त्री येत, काही खोलत, काही बसवत. कार्बोरेटरमधला तरंगणारा पितळी गोळा फुटलेला होता. त्याजागी औषधाच्या बाटलीचं बूच लाखेत बुडवून बसवलं. पिस्टनच्या रिंगा पंपाच्या इंजिनाच्या, घासून लहान केलेल्या. हॉर्न सायकलरिक्षाचा, रबरी फुग्याचा. जगात त्या जातीची दुसरी स्कूटर असली तरी तिने हिला ओळखलं नसतं.

मग इन्स्पेक्शन आलं.

मोठे साहेब येणार म्हणून स्टेशनमास्तरांनी क्वार्टर्सच्या अंगणांतून फेरी मारली. रस्त्याकडेचे दगड चुन्याने रंगवले जात होते, गेरूने कुंड्या रंगवल्या जात होत्या. मघाडेबाबूंच्या अंगणात येऊन ते थांबले.

"मघाडे, हे भंगार उद्यापासून इथे दिसता कामा नये."

"भंगार न्हाई साहेब. वाहन हाय."

"चालतं?"

"लेट हाय."

"अंगणात चालू वाहन ठेवायला माझी हरकत नाही. भंगार ठेवता येणार नाही. साहेब येतील तेव्हा चालवून दाखवा. नाहीतर मी स्वतः भंगारवाल्याला बोलावतो."

त्या दिवशी मी मघाडेबाबूंना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. बढती लेट झाली तेव्हा ते घाबरले नव्हते. ओट्यावर प्रयागबाई बसल्या होत्या. त्या आता म्हणतील, गेली एकदाची चिनीण, असं मला वाटलं. पण त्या उठल्या. काठी टेकत आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात साठवलेल्या पैशांचा पितळी डबा होता. तो त्यांनी नवऱ्यासमोर ठेवला. "मिस्त्रीला बोलवा. जल्दी. आला की जेवायला इथंच म्हना."

खलील मिस्त्री त्या आठवड्यात दुकान बंद ठेवून अंगणात मुक्काम टाकल्यासारखे राहिले. ज्यांचे पंप त्यांच्याकडे अडकले होते ते शेतकरी येऊन ओट्याशी बसत आणि मिस्त्रींना घाई करायच्या ऐवजी सल्ले देत. इन्स्पेक्शनच्या आदल्या दुपारी इंजिनात ठिणगी पडली. एकच. मिस्त्रींनी हात जोडले. "बाबूजी, जान है इसमें. फिकर नक्को करो. कल बराबर चलती."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. उंच, पांढरेशुभ्र कपडे, मुलुख आंध्राचा. मागे स्टेशनमास्तर, त्यांच्यामागे सगळं स्टेशन. मघाडेबाबू गॉगल लावून सीटवर बसले. स्कूटर पुढे जाणार म्हणून पुढची जागा मोकळी करून सगळे लोक मागे उभे राहिले. साहेबांनाही मागेच उभं केलं. चुन्याने रंगवलेले दगड आणि गेरूच्या कुंड्याही मागेच होत्या.

पहिल्या किकला काही झालं नाही. दुसऱ्या किकला निळा धूर आला. तिसऱ्या किकला ती चिनी बाई अशी काही खोकली की, मालधक्क्यावरची कबुतरं उडाली. आणि मग इंजिन चालू झालं. फट्, फट्, फट्. पंपाच्या इंजिनाचा आवाज होता, पण आवाज होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मघाडेबाबूंनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, हात बाहेर काढून निघण्याचा इशारा दिला, गिअर टाकला आणि क्लच सोडला.

स्कूटर मागे निघाली.

सावकाश नव्हे. मघाडेबाबूंचं तोंड पुढे, नजर पुढे, छाती पुढे आणि सगळा प्रवास मागे. लोक दोन्ही बाजूंना उडाले. साहेब कुंड्यांच्या पलीकडे गेले. स्टेशनमास्तर कुंड्यांत गेले. पांढरे दगड चाकाखालून टणाटण उडू लागले. मघाडेबाबू रबरी हॉर्न दाबत होते. हॉर्न मागच्यांसाठी होता, पण वाजत होता पुढे. खलील मिस्त्री ओरडत होते, "आगे, बाबूजी, आगे!"

"आगेच देल्ती!" मघाडेबाबू ओरडले.

तेवढ्यात ओट्यावरून प्रयागबाईंचा आवाज आला. "अवो, ब्रेक! उजव्या पायाखाली! पूर्ण दाबा, अर्धा लागत न्हाई तो!"

मघाडेबाबूंनी पूर्ण दाबला. स्कूटर भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली आणि बंद पडली. त्या गोंधळात इतर कुणाच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. चिनीणीला बोटही न लावणाऱ्या बाईंना तिचा ब्रेक अर्धा लागत नाही हे माहीत होतं.

स्टेशनमास्तर शर्टावरची गेरूची माती झटकत साहेबांकडे वळले. "सर, मैंने पहलेइच बोला था..."

साहेब हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "मास्टर, आपने क्या पूछा था? गाड़ी चलती क्या? चलती है. किधर चलती, वो अपना डिपार्टमेंट नहीं." आणि ते पुढच्या अंगणाकडे गेले.

चिनीण वाचली. मी त्या रात्री दैनिकाला चार ओळींची बातमी पाठवली. छापून आली तेव्हा तिच्यात स्कूटर पुढे गेली असं होतं. संपादकांनी माझी चूक समजून दुरुस्ती केली होती.

चूक खरं तर खलील मिस्त्रींची होती आणि ती त्यांनीच सांगितली. उभ्या आयुष्यात त्यांनी पंपाची इंजिनं लावली. त्यांच्याकडे येणाऱ्या पंपाचं इंजिन ज्या बाजूला फिरतं, त्याच्या उलट ही स्कूटर फिरते. हात सवयीने गेला, ठिणगी पडायची वेळ पंपासारखी बसली आणि इंजिन उलटं फिरलं. "कुएँ पे लगाते तो फस्ट क्लास पानी देती," ते म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी ती वेळ बदलली. स्कूटर पुढे गेली, स्टेशनाला चक्कर मारून परत आली आणि न खोकता थांबली. मघाडेबाबूंनी पेढे वाटले. प्रयागबाईंनी मिस्त्रींना जेवायला वाढलं आणि वाढताना म्हणाल्या, "आता तर ही चिनीण घरातच ऱ्हायली म्हना कायमची." मिस्त्री म्हणाले, "हौ भाभी. सौतन पक्की हो गई." सगळे हसले. मघाडेबाबू लाजले.

आता ते रोज स्कूटरवर बसून फिरायला जातील, असं वस्तीने धरून चाललं. मीही. दुसऱ्या संध्याकाळी मी खिडकीत बसलो. मघाडेबाबू बाहेर आले. गॉगल, चिमटे, वरची गुंडी. स्कूटर स्टँडवरून काढली, उजव्या बाजूला आले आणि ढकलत निघाले.

"बाबू, पुन्हा बंद पडली का?" मी वरून विचारलं.

"न्हाई. एकदम फस्ट क्लास हाय," ते म्हणाले आणि कोपऱ्यावर हात दाखवून वळले.

तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. वस्तीने डोक्याशी बोट फिरवलं आणि विषय सोडून दिला.

पुढे काही दिवसांनी मला मोती तलावात पाणी किती उरलंय हे पाहून यायचं होतं. सायकलने गेलो, पाहिलं, परत निघालो. दिवस कलला होता, उजेड भरपूर होता. मालधक्क्याच्या मागून तलावाकडे येणारा रस्ता त्या वेळी ओस असतो. समोरून काहीतरी हळूहळू येत होतं. आधी गॉगल ओळखू आला.

गॉगल प्रयागबाईंच्या डोळ्यांवर होता.

त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. दोन्ही पाय डाव्या अंगाला, त्या रुंद लोखंडी पट्टीवर. काठी मांडीवर आडवी. उजव्या बाजूने मघाडेबाबू स्कूटर ढकलत होते. इंजिन बंद. प्रयागबाई बोलत होत्या, हात हलवून, भराभर. कोणाच्या तरी सुनेची गोष्ट होती. मघाडेबाबू मधूनमधून "मंग?" म्हणत होते. "मंग ती काय म्हनली?"

मला पाहून प्रयागबाईंनी झटकन पदर पुढे घेतला. गॉगल काढायचं राहिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे पेपरात देऊ नगा."

"नाही देत."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग सीटवर सावरून बसल्या. "पाय चांगला व्हता तवा आमी रोज येत व्हतो इथवर. चालत. दिवसभराचं बोलनं इथंच व्हायचं. क्वार्टरात कुठं बोलता येतं? भिंतीपलीकडं सगळं जातं. मंग पाय मोडला. हे म्हनले, फिरनं लेट झालं, रद्द न्हाई झालं. आन् ही आनली." त्यांनी सीटवर थोपटलं. "मी मागच्या दारानं निघते, चार पावलांवर मालधक्क्यापशी हिच्यावर बसते. लोकांनी बघितलं तर काय म्हनतील, बाई ढकलगाडीत बसून फिरती!"

"पण आता तर गाडी चालू झाली," मी म्हणालो. "मिस्त्रींनी केवढी मेहनत घेतली. आता ढकलता कशाला?"

मघाडेबाबूंनी मोकळ्या हाताने कपाळ पुसलं. त्यांना धाप लागली होती. "एक डाव आलो चालू करून. आवाज किती तिचा! हिचं बोलनंच ऐकू येत न्हाई."

"आन् बसले न बसले तवर तलाव येतो," प्रयागबाई म्हणाल्या. "मंग बोलावं कवा?"

मी सायकल बाजूला घेतली. स्कूटर पुढे निघाली. "चला वो जल्दी," प्रयागबाईंचा आवाज आला. "सैपाकाला लेट होऊन राह्यला."

"होऊ दे," मघाडेबाबू म्हणाले. "मंग? सून काय म्हनली?"

तलावाच्या वळणाशी रस्त्यावर माझ्याखेरीज कोणी नव्हतं. मघाडेबाबू थांबले. मागे वळून पाहिलं. उजवा हात पूर्ण बाहेर काढून त्यांनी वळण्याचा इशारा दिला आणि मगच वळले.